टाकीचं झाकण

हँडल लॉक होतं, म्हणून पुढचं चाक
दोन पोरांनी उचलून धरलेलं.
कोंडेलेच्या चढावरून अशी आली ती मोटरसायकल,
कसायाकडे न्यावी तशी, अडत, तिरकी.
मागून ढकलत अपोंदी.

मी आधी कागद मागतो.
स्विच बदलायला आणि गाडी चोरायला
हत्यारं तीच लागतात.

तिनं कमरेच्या लेसोची गाठ सोडली.
कागद घामानं मऊ झालेला. नाव तिचंच.
"ओमेना विकून घेतलीय," म्हणाली,
"बोटाएवढी सुकी मासळी.
एका चाकाला किती लागते, कर हिशेब."
आणि किल्ली?
"मोम्बासाला गेली."
किल्ल्या एकट्या कुठे जात नाहीत.
मी पुढचं विचारलं नाही.

बॅटरीची मायनस तार सोडवली, ती नेहमी आधी.
मग हेडलाइट. दोन स्क्रू काढले की
खोबणीतून निघालेल्या डोळ्यासारखा
तो वायरींवर लोंबत राहतो.
आत बारा वर्षांची धूळ, एक मेलेला कोळी,
आणि लाल वायर, बॅटरीकडून येणारी,
जी कधीच झोपत नाही.
काळी-पांढरी इंजिनाला गप्प करणारी.
तपकिरी दिव्याची.
पोराला म्हटलं, जोड बघून ठेव,
उद्या तुझ्या हातात असणार आहे हे.

स्विच धरणाऱ्या बोल्टांना डोकी नसतात.
कारखान्यात आवळतानाच ती मोडून टाकतात,
कुणाला उलटं फिरवता येऊ नये म्हणून.
बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चोर होता.
अपोंदी नव्हती.

छिन्नी तिरकी, काठावर, हलका ठोका.
पहिला बोल्ट बाराव्या ठोक्याला हलला.
दुसऱ्याला ड्रिल लावला आणि वीज गेली.

आम्हा लोकांना इथे जुआ काली म्हणतात,
कडक ऊन.
त्या उन्हात बसलो. तिनं भाजलेला मका आणला,
पोरालाही एक.
"रात्री किल्ली उशाखाली घेऊन झोपायचा.
म्हणायचा, गाडी कुणी पळवेल."
पळवली का कुणी?
"गाडी? नाही."
आणि दाणे सोलत राहिली,
एकेक ओळ, शिस्तीत, सगळ्या ओमेना
एका दिशेला मांडाव्यात तशी.

वीज आली साडेतीनला.
दुसरा बोल्ट भुकटी होऊन निघाला.
जुना स्विच डब्यात टाकला, तिथे असे सतरा पडलेत,
प्रत्येकाची किल्ली कुठल्या ना कुठल्या खिशात
अजून खुळखुळत असेल.
नवा नऊशे शिलिंगांचा,
बारीक तारेत ओवलेल्या दोन किल्ल्या.
जोड टक्क बसला. तिनंच फिरवली.
हिरवा दिवा. किक.
पोरगं टाळ्या वाजवायला लागलं,
शेजारचा टायरवालाही.

तीन मिनिटं.
मग इंजिन खोकलं, आणखी एकदा, आणि थांबलं.
टाकी कोरडी.
झाकणाला कुलूप.
त्याला जुनीच किल्ली.

मी चाळीस वर्षांचा मेकॅनिक,
हे आधी बघायला हवं होतं.
अपोंदी माझ्याकडे बघत राहिली,
मग हसायला लागली, इतकी की
टायरवाल्याच्या स्टुलावर बसावं लागलं.
"म्हणजे तो तिकडे समुद्राकाठी फिरतोय," ती म्हणाली,
"माझ्या टाकीचं झाकण घेऊन!"

नवं झाकण साडेचारशे.
तिच्याकडे एकशे सत्तर, शिवाय पेट्रोल घ्यायचं.
"दे ती छिन्नी," म्हणाली.
मी जागा दाखवली. तिला बारा ठोके लागले नाहीत.

उघडं तोंड घेऊन कसं जाणार?
तिनं इकडेतिकडे पाहिलं,
खाल्लेल्या मक्याचं बुरकुंड उचललं,
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं,
आणि टाकीच्या तोंडात ठोकून बसवलं.
लिटरभर पेट्रोल भरून
किबुयेच्या बाजाराकडे निघून गेली.

आठवड्यानं आली, ब्रेक घासत होता म्हणून.
बुरकुंड नवं होतं.
झाकणाची गोष्ट मीच काढली, स्वस्तातलं मिळालं होतं.
तिला ऐकू गेलं नाही,
किंवा इंजिन चालू होतं म्हणून.